मतांची चाचणी, जागांचे भाकीत

दवनीवाड्याच्या चौकात भेटतील त्या शंभर जणांना मत विचारले, तर पहाटेच मोहफुले वेचायला गेलेल्या बाया त्यात येत नाहीत. म्हणून नमुना मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडावा. असे १००० मतदार घेतले, तरी उत्तर सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. ही चूक निम्मी करायला ४००० लागतात. आता २०२४ ची लोकसभा निवडणूक पाहा. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७! इतका बारीक फरक चाचणीला दिसणार कसा? शिवाय ‘पाहू’ एवढेच म्हणणाऱ्यांना कोणत्या रकान्यात घालायचे, हे चाचणी घेणाराच ठरवतो. ती चूक नमुना वाढवून कमी होत नाही.