दान देऊन पाप धुता येते काय?

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा टाइमपास, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, लढतो आणि बळ वाढवत नेतो, ते खेळ सत्तेविषयीही काही शिकवत असतात. काय शिकवतात, हे पाहण्यासाठी मी काही रात्री मुलाच्या शेजारी बसलो आणि दोन खेळ पाहिले.

पहिला ‘फेबल’. ब्रिटनच्या लायनहेड स्टुडिओजने तो २००४ साली आणला. यात चांगले वागायचे की वाईट, हे खेळणारा ठरवतो. निरपराधांना मारत गेल्यास नायकाला शिंगे फुटतात, सत्कृत्ये करत गेल्यास डोक्याभोवती प्रभावळ येते. परंतु पापावर तोडगाही ठेवला आहे. ‘एव्हो’ या देवाच्या मंदिरात सोने दान करा, पुण्य वाढते! सोने कुठून आले, हे देव विचारत नाही. ज्या गावकऱ्याचा जीव गेला त्याला काय मिळाले, हा प्रश्नच उद्भवत नाही. ही व्यवस्था वाचकांना अनोळखी वाटते काय?

दुसरा ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने बहुतांशी एकट्याने तयार केलेला हा खेळ २०१५ साली आला. माणसांनी युद्ध जिंकून ज्यांना जमिनीखाली कोंडले, त्या ‘राक्षसां’च्या वस्तीत एक मूल पडते. समोर येणाऱ्याशी लढायचे की त्याला अभय द्यायचे, हे प्रत्येक वेळी निवडावे लागते. मारले तर अनुभवाचे गुण मिळतात, ‘एलव्ही’ वाढते, ताकद वाढते. कुणालाच मारले नाही तर मूल शेवटपर्यंत पहिल्याच पातळीवर, वीस अंशांच्या प्राणशक्तीनिशी राहते. दया फुकट मिळत नाही, तिची किंमत दुबळे राहून मोजावी लागते.

अखेरीस राजवाड्याच्या दालनात सॅन्स नावाचे पात्र हिशेब मांडते. ज्याला आपण अनुभवाचे गुण समजलो ते होते केलेल्या हत्यांचे गुण, आणि ‘एलव्ही’ म्हणजे हिंसेची पातळी! जी प्रगती म्हणून मिरवली, तीच आरोपपत्र ठरते.

एखाद्याला मारून पश्चात्ताप झाला म्हणून मागे जाऊन डाव पुन्हा खेळला, तरी फ्लॉवी हे पात्र सुनावते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. सर्वांचा संहार केला तर जगच नष्ट होते. ते परत हवे असेल तर आत्मा द्यावा लागतो. त्यानंतर कितीही शांततेने खेळा, शेवटावर डाग उरतोच.

वकिलीत मी पाहत आलो आहे की पुरावा नाहीसा झाला म्हणजे गुन्हा घडलाच नाही, अशी बलवानाची समजूत असते. इथे त्याचे बळ हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

खेळून कोणी खुनी होत नाही, हे मला मान्य आहे. प्रश्न सवयीचा आहे. बक्षीस मिळाले की ते कशाबद्दल मिळाले, हे विचारण्याची सवय सुटते. म्हणून मुलांच्या हातातून खेळ हिसकावू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा : तुझी ताकद वाढली, ती कोणाच्या जिवावर?