एक पडदा की दोन?

घरच्या घरी संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने संगणकाला एक पडदा ठेवावा की दोन, हा प्रश्न वरवर पाहता काही हौशी तरुणांपुरता वाटतो. परंतु आज धरमपेठेतल्या सदनिकेत काय किंवा महालातल्या जुन्या वाड्यात काय, एखादी लहानशी खोली संध्याकाळनंतर गाण्याची कार्यशाळा होते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी एक दिवस वडिलांना म्हणते, ‘‘बाबा, आणखी एक मॉनिटर हवा.’’ वडिलांच्या मनात येते, एक पडदा असताना दुसरा कशाला? ही शंका अगदी रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर मिळावयास हवे. त्या उत्तरात थोडे यंत्रशास्त्र आहे, थोडे ध्वनिशास्त्र आहे आणि घरखर्चाचा हिशेबही आहे. त्याखेरीज गाणे डोळ्याने पारखावयाचे की कानाने, हा जुनाच प्रश्न तेथे नव्या वेषात उभा आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करू. या व्यवसायात ‘मॉनिटर’ म्हणजे संगणकाचा पडदा, आणि ध्वनिमुद्रण पारखून ऐकण्यासाठी ठेवलेल्या स्पीकरलाही ‘मॉनिटर’च म्हणतात. घोटाळा नको म्हणून पाहावयाच्या वस्तूला आम्ही ‘पडदा’ म्हणू आणि ऐकावयाच्या वस्तूला ‘स्पीकर’.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळच्या नभोवाणी केंद्रांची रचना अशी असे, की गायक-वादक एका खोलीत आणि ध्वनी सांभाळणारा अभियंता काचेपलीकडच्या दुसऱ्या खोलीत. त्याच्या डोळ्यांसमोर मुख्य खूण म्हणजे तबकडीवर हलणारा एक काटा. आवाज किती मोठा, एवढेच तो काटा सांगे. सूर लागला की नाही, तबल्याचा ठेका गाण्याला धरून आहे की नाही, हे सारे कानानेच ठरवावे लागे. पुढे फीतयंत्रावर निरनिराळे आवाज वेगवेगळे मुद्रित करण्याची सोय झाली. अशा प्रत्येक स्वतंत्र आवाजाला ट्रॅक म्हणतात. इंग्लंडातील बीटल्स या वादकमंडळाची ‘सार्जंट पेपर’ ही १९६७ सालची गाजलेली ध्वनिमुद्रिका अवघ्या चार ट्रॅकच्या यंत्रांवर तयार झाली. पडद्याचा तेथे संबंधच नव्हता.

पडदा या क्षेत्रात आला तो नंतर. १९८३ साली ‘मिडी’ हा संकेत रूढ झाला आणि निरनिराळ्या कंपन्यांची विजेवरची वाद्ये व संगणक यांना एक समान भाषा मिळाली. १९८९ साली ‘क्यूबेस’ हे सॉफ्टवेअर अटारी संगणकावर आले. त्या संगणकाच्या १२ इंची काळ्यापांढऱ्या पडद्यावर आडवे ६४० व उभे ४०० ठिपके मावत. त्यावर ट्रॅक एकाखाली एक मांडलेले असत आणि काळ डावीकडून उजवीकडे सरकत असे. आजच्या सर्व सॉफ्टवेअरांत हीच मांडणी टिकून आहे. पडदे मात्र मोठे आणि रंगीत झाले.

आता पडद्यावर नेमके काय पाहावयाचे असते ते पाहू. मुख्यतः दोन चित्रे असतात. पहिल्यात सर्व ट्रॅक काळाच्या ओघात पसरलेले दिसतात : येथे धृपद संपले, येथे बासरी आली, येथून अंतरा सुरू झाला. रेल्वेच्या वेळापत्रकात जशा साऱ्या गाड्या एका तक्त्यावर दिसतात, तसाच हा प्रकार. दुसरे चित्र मिक्सरचे. त्यात प्रत्येक ट्रॅकचा आवाज किती, तो डावीकडून यावा की उजवीकडून, हे ठरविण्याच्या सरकपट्ट्या असतात. याशिवाय घुमारा देणारी, आवाजाचा पोत सुधारणारी लहान लहान खिडक्यांसारखी साधने असतात. ती उघडली, की मागचे चित्र झाकले जाते. एकच पडदा असणाऱ्याची खरी तक्रार ही, की जे एकाच वेळी पाहावयाचे ते आळीपाळीने पाहावे लागते.

ही तक्रार कितपत खरी आहे, याचा हिशेब मांडता येतो. नेहमीच्या २४ इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. वरच्या-खालच्या साधनपट्ट्यांना २८० ठिपके सोडले तर ८०० उरतात. एका ट्रॅकला ४० ठिपक्यांची उंची दिली तर २० ट्रॅक एकाच वेळी दिसतात. आता एखादे भावगीत घ्या. गायकाचा एक, तबला-डग्ग्याचे दोन, हार्मोनियमचा एक, तानपुऱ्याचा एक, बासरीचा एक, व्हायोलिनचे दोन, टाळ किंवा मंजिऱ्यांचा एक. मिळून नऊ झाले. म्हणजे निम्मा पडदा रिकामाच राहतो. अशा कामाला दुसरा पडदा सोयीचा असेल, परंतु गरजेचा नव्हे. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी कळफलकावरची एक कळ पुरते, आणि ती कळ अंगवळणी पडावयास आठवडाही लागत नाही.

मग दुसरा पडदा कोणाला खरोखर लागतो? पहिला, चित्राला संगीत देणारा. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या २०२२ सालच्या चित्रपटाचे चित्रण नागपुरात झाले. लघुपट तर आता गावोगाव होतात, आणि त्यांचे पार्श्वसंगीत पुष्कळदा घरीच तयार होते. दार कोणत्या क्षणी उघडले, पात्राने मान केव्हा वळविली, हे पाहात स्वर बसवावयाचे असतात. तेथे चित्राला स्वतंत्र पडदा असणे ही चैन नव्हे. दुसरा, संगणकातील वाद्यवृंद वापरणारा. त्याचे ट्रॅक सहज साठ-सत्तरावर जातात. तिसरा, स्वरलिपी समोर ठेवून वाजविणारा. त्याला एका पडद्यावर लिपी व दुसऱ्यावर ध्वनिमुद्रण हवे असते. यांपैकी आपण कोणात बसतो, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे.

येथवर डोळ्याची बाजू झाली. परंतु पडदा टेबलावर आला, की तो कानाच्या वाटेत उभा राहतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. दोन स्पीकर व ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, हा पारखून ऐकण्याचा साधा नियम आहे. घरच्या टेबलावर ही बाजू सुमारे एक मीटर येते. २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते. तो मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना स्पीकर नीट मावतात. तसेच दोन पडदे शेजारी शेजारी ठेवले तर रुंदी १०६ सेंटिमीटरांवर जाते. मग स्पीकर आणखी दूर सारावे लागतात किंवा पडद्यांच्या मागे दडपले जातात. दूर सारले तर ऐकणाऱ्यालाही मागे सरावे लागते आणि पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी होतात. मागे दडपले तर तारस्वर अडतात. याउलट ३४ इंची एकच रुंद पडदा घेतला तर तो सुमारे ८० सेंटिमीटरांत भागतो. पुष्कळांना तो दोन पडद्यांहून अधिक सोयीचा पडतो, तो याच कारणाने.

दुसरी अडचण परावर्तनाची. पडदा ही कडक, सपाट वस्तू आहे. लांब लहरींचे खर्जातील स्वर तिला वळसा घालून जातात. परंतु आखूड लहरींचे उंच स्वर तिच्यावर आपटून परततात. ध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. समजा, पडद्यावर आपटून आलेला ध्वनी सरळ आलेल्या ध्वनीपेक्षा १७ सेंटिमीटर अधिक वाट चालून आला. सेकंदाला १,००० कंपने असलेला स्वर तेवढ्यात नेमके अर्धे आवर्तन मागे पडतो. एकाचा चढ व दुसऱ्याचा उतार एकत्र येतात आणि तो स्वर फिका पडतो. तीच गत ३,००० आणि ५,००० कंपनांच्या स्वरांची. तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटीचा खणखणीतपणा, गळ्यातली धार ही सारी याच प्रदेशात राहतात. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज बोथट झाला. म्हणून तो तारस्वर वाढवितो. वस्तुतः मुद्रणात दोष नव्हताच, तो टेबलावर होता. मग तेच गाणे दुसऱ्या घरी लावले, की कानाला बोचते. दुसऱ्या पडद्याची ही किंमत दुकानाच्या पावतीवर लिहिलेली नसते.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. पडद्याचा दर्शनी भाग स्पीकरच्या पुढे येऊ देऊ नये. थोडा मागेच असावा. स्पीकर कानाच्या उंचीवर आणावेत, म्हणजे ध्वनी पडद्याच्या कडेवरून सरळ येईल. दोन पडदे ठेवावयाचेच असतील तर त्यांची मधली शीव नाकासमोर आणू नये, कारण मग मान सदैव एकीकडे वळलेली राहते. मुख्य पडदा मधोमध असावा. दुसरा एकाच बाजूला उभा केला तर डावा कान व उजवा कान यांना सारखे ऐकू येत नाही. म्हणून तो लहान, मधोमध, खाली आणि मागे कललेला ठेवावा. लॅपटॉप असेल तर त्याचाच पडदा या कामी येतो आणि नवा खर्च वाचतो.

आता आपल्या नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलरशिवाय खोलीत बसवत नाही. परंतु कूलर चालू असता मायक्रोफोन उघडणे म्हणजे गाण्यामागे वादळ मुद्रित करणे होय. म्हणून मुद्रणाच्या वेळी कूलर व पंखा बंद ठेवावे लागतात. एक पडदा साधारण २० ते ३० वॅट वीज घेतो आणि तेवढी उष्णता खोलीत सोडतो. ती फार नव्हे. तथापि बंद खोलीत तिचीही भर पडतेच. वीज गेल्यावर राखीव वीज देणाऱ्या यंत्रावर दोन पडदे असतील तर काम जपून ठेवण्यास मिळणारी मिनिटे कमी होतात. जुन्या घरांत आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे अर्थिंग. ते नीट नसेल तर पडदा जोडताच स्पीकरमधून ५० किंवा १०० कंपनांची घरघर सुरू होते. पडद्याची तार काढून पाहावी. घरघर थांबली तर कारण सापडले. संगणक, पडदे आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र ही सर्व, अर्थिंग चांगले असलेल्या एकाच बोर्डावरून चालवावीत.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डोळा हा कानाचा बलवान भाऊ आहे. पाध्ये पितापुत्रांचा अर्धवटराव महाराष्ट्राने डोळे भरून पाहिला. त्याचे ओठ हलताना दिसतात, म्हणून आवाज त्याच्याच तोंडून येतो असे आपणांस वाटते. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ध्वनी ‘बा’ असला आणि ओठ ‘गा’ म्हणताना दिसले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. डोळ्याने पाहिलेले कानाने ऐकलेल्यास असे बदलून टाकते. मग पडद्यावर तबल्याची थाप मात्रेच्या उभ्या रेषेच्या केसभर मागे दिसली, की कानाला ती चुकीची वाटू लागते आणि हात ती पुढे ओढतो. विलंबित ख्यालाची लय हळूहळू चढत जाते. ती घड्याळाच्या चौकटीत बसत नाही आणि बसूही नये. सूर दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरात मींड वाकडी रेघ होऊन दिसते. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार तेथे थरथरणारा दोष भासतो. तो सरळ केला तर पडदा सुंदर दिसेल, दरबारी मात्र उरणार नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे आरंभीचे संगीतशिक्षण याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. त्यांच्या तानांच्या अनपेक्षित वळणांवर रसिक लुब्ध होत, ती वळणे कोणत्याही रेषेवर आखलेली नव्हती. पडदे वाढले, की रेषा वाढतात आणि रेषांचा मोहही वाढतो.

म्हणून आमची सूचना अशी : काम संपत आले की पडदा बंद करावा, एक असो वा दोन, आणि गाणे आरंभापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकावे. जे खटकेल ते कागदावर टिपून घ्यावे आणि मगच पडदा उघडावा. ही सवय फुकट मिळते आणि कोणत्याही पडद्याहून अधिक उपयोगी पडते.

वडिलांना द्यावयाचे उत्तर आता तयार आहे. प्रथम मायक्रोफोन बरा असावा. मग पारखून ऐकण्याचे स्पीकर किंवा हेडफोन. मग खोलीत जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे, म्हणजे भिंतींचा प्रतिध्वनी कमी होईल. त्यानंतर एक चांगला पडदा. हे सर्व झाल्यावर चित्रपटाचे, वाद्यवृंदाचे किंवा स्वरलिपीचे काम खरोखर हाती असेल तर दुसरा पडदा अवश्य घ्यावा. तो आपली किंमत भरून देईल. तसे काम हाती नसेल तर तेच पैसे एखाद्या चांगल्या तबलजीच्या मानधनाला लावावेत. गाणे त्याने अधिक सुधारेल.