अल्पपरिचित शोभेचे गवत आणि बागेतील निवड : फाउंटन गवताच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मराठी घराच्या परसबागेत गवताला फारसे मानाचे स्थान नाही. गणपतीच्या दूर्वा, गवती चहा आणि माठात टाकावयाचा वाळा हे अपवाद सोडल्यास गवत म्हणजे खुरपून काढावयाची वस्तू, अशीच सर्वसाधारण धारणा आढळते. अलीकडे मात्र बंगल्यांची अंगणे, गृहसंकुले व रस्त्यांचे दुभाजक येथे शोभेची गवते लावली जाऊ लागली आहेत. असे अल्पपरिचित गवत लावावे की लावू नये, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटतो. परंतु गवताचे बी कुंपण मानत नाही. म्हणूनच फाउंटन गवताचे उदाहरण घेऊन या निर्णयाचे निकष स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वनस्पतीचा परिचय :
फाउंटन गवताचे शास्त्रीय नाव सेन्क्रस सेटासियस असे असून पूर्वी ते पेनिसेटम सेटासियम या नावाने ओळखले जात असे. बाजरी आणि हत्तीगवत ही त्याची जवळची भावंडे होत. त्याचे मूळ स्थान उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरडा प्रदेश हे आहे. अरुंद पात्यांचा दाट ठोंब, त्यातून चहूबाजूंनी वाकलेले मऊ, गुलाबी-जांभळट तुरे आणि त्यामुळे निर्माण होणारा कारंज्याचा आभास, यावरून त्यास हे नाव मिळाले. हे गवत सुमारे एक मीटर उंच वाढते. त्यास पाणी कमी लागते, हलकी जमीन चालते व कडक ऊन सोसते. बागकाम करणाऱ्यास यापेक्षा अधिक काय हवे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

गुण हाच दोष :
जे गुण बागेत सोयीचे ठरतात, तेच बागेबाहेर अडचणीचे ठरतात. या गवताचे बी परागीभवनावाचूनही तयार होते. त्यामुळे एकटा ठोंबही नवी पिढी निर्माण करू शकतो. केसाळ बी वारा, पाणी, जनावरे व वाहने यांच्याद्वारे दूरवर जाते आणि जमिनीत काही वर्षे जिवंत राहते. जुनी वाळलेली पाती ठोंबातच साचत असल्याने आग लागल्यास ती वेगाने पसरते. आगीनंतर ठोंबाला बुडापासून पुन्हा फुटवे येतात. आगीची सवय नसलेली स्थानिक झाडेझुडपे मात्र नष्ट होतात. परिणामी प्रत्येक आगीनंतर गवताचे क्षेत्र वाढते व वाढलेले गवत पुढील आगीस इंधन पुरवते. शोभेसाठी हवाई बेटांवर नेलेल्या या गवताने तेथील कोरड्या वनांत हेच चक्र सुरू केले. दक्षिण आफ्रिका व अमेरिकेतील ॲरिझोना येथेही ते उपद्रवी ठरले असून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याचा समावेश आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत केला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. कोणतेही गवत मुळात वाईट नसते. आपल्याकडील अंजन गवत हे उत्तम चारा म्हणून गौरविले जाते. परंतु तेच ॲरिझोनाच्या वाळवंटात आग पसरविणारे तण ठरले आहे. म्हणजेच प्रश्न वनस्पतीच्या गुणांइतकाच स्थळाचाही आहे.

पूर्वानुभव :
भारतास हा अनुभव नवा नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्यास आणली गेली; आज ती देशभरातील जंगलांत पसरली आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आली आणि नद्या व तलाव व्यापून बसली. दोन्ही प्रसंगी लावणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. किंमत मात्र इतरांना मोजावी लागली.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही किंमत माळराने मोजण्याची शक्यता अधिक. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील पर्जन्यछायेचा पट्टा कोरडा असून अशी हवा फाउंटन गवतास मानवते. हीच माळराने काळवीट, लांडगा, चिंकारा यांचा अधिवास आणि मेंढपाळांचे चराऊ क्षेत्र आहेत. सोलापूरजवळील नान्नज येथील माळढोक अभयारण्य याच परिसंस्थेचा भाग होय. शहरांची नवी वसाहत अनेक ठिकाणी थेट माळाला भिडली आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

निर्णयाचे निकष :
रोप घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे मिळविणे इष्ट ठरते.
१) रोपाचे शास्त्रीय नाव काय? केवळ बाजारी नावावर विसंबू नये.
२) रोप बियांपासून तयार केले की ठोंब विभागून? जांभळ्या पानांचा ‘रुब्रम’ हा प्रकार बहुतांशी वांझ असून तो ठोंब विभागूनच वाढविला जातो. हिरव्या पानांचा मूळ प्रकार मात्र भरपूर बी धरतो.
३) अन्य कोरड्या प्रदेशांत त्याचा इतिहास काय आहे?
४) बागेलगत माळ, ओढा किंवा महामार्ग आहे काय?
५) उद्या नकोसे झाल्यास ते समूळ काढता येईल काय?

आधीच लावलेले हिरवे फाउंटन गवत काढावयाचे असल्यास बी पिकण्यापूर्वी तुरे कापून पिशवीत बंद करावेत, ठोंब मुळासकट खणावा आणि पुढील काही वर्षे त्या जागी उगवणारी रोपे उपटीत राहावे.

स्थानिक पर्याय :
शोभेसाठी परदेशी गवतच हवे, असे नाही. वाळ्याचा डौलदार ठोंब माती धरून ठेवतो, त्याची मुळे सुगंधी असतात आणि लागवडीखालील प्रकार सहसा बियांनी पसरत नाही. पवन्याची रुपेरी कणसे व मारवेलाचे जांभळट तुरे पावसाळ्याअखेर नेत्रसुखद दिसतात. कुसळीची पीळदार कुसळे देखणी असली तरी ती कपड्यांना चिकटतात. म्हणून ती पायवाटेपासून दूर लावावी.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, बी धरणारे हिरवे फाउंटन गवत कोरड्या पट्ट्यातील बागेत लावू नये. जांभळा वांझ प्रकार ओळखीची खात्री असल्यास कुंडीत लावण्यास हरकत नाही. प्रथम पसंती मात्र स्थानिक गवतांस द्यावी. बाग ही मालकाची असली, तरी तिच्यावरून वाहणारा वारा सर्वांचा असतो. तो आपल्या बागेतून काय घेऊन जाणार, याचा विचार रोप लावण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.