दोरी दोन बोटं सोडा, होडी पुढे काढा!

चिखलोलीहून समुद्र दिसत नाही, पण शिडांशी आपलं नातं जुनं आहे. अंबरनाथहून किंवा बदलापूरहून लोकल पकडा, कल्याणला उतरा आणि दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीकाठी जा. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला सुरुवात केली ती याच परिसरात. आपल्या बदलापूरवरून वाहत गेलेली उल्हास नदीच तिथे खाडी होते. तेव्हा शिडाच्या होड्यांच्या चार गमती आपण सांगितल्या तर त्यात आगाऊपणा नाही.

पहिली गंमत डोलकाठीची. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांची डोलकाठी पुढे झुकलेली असे. शर्यतीच्या होडीची मात्र मागे झुकते. गलबताचं शीड लांबलचक तिरप्या परबाणाला बांधलेलं. बाजू बदलायची तर ते धूड डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागे, म्हणून तिथे मोकळी जागा हवी. आजच्या होडीला ही कसरत नाही. तिची डोलकाठी मागे कलते ती वाऱ्याच्या हिशेबाने. वारा मंद असला तर जवळजवळ उभी, जोराचा झाला की मागे. फायरबॉल नावाच्या चपट्या, दोघांच्या होडीत तर शर्यत चालू असतानाच दोऱ्या ओढून डोलकाठी कलवतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक पटकावलं ते या फायरबॉलमध्येच.

हा कल मोजतात कसा? शीड वर चढवायच्या दोरीला पोलादी टेप बांधायची, ती डोलकाठीच्या टोकापर्यंत खेचायची आणि खाली होडीच्या मागच्या काठापर्यंतचं अंतर वाचायचं. आकडा मिलिमीटरमध्ये वहीत जातो. मग तीच टेप डावीकडे आणि उजवीकडे धरून बघायची. दोन्ही अंतरं सारखी नसली तर डोलकाठी एका अंगाला कलली आहे, आणि ती होडी एका बाजूला वेगात तर दुसऱ्या बाजूला रडत जाणार. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण मोजायलाही वेगळं यंत्र मिळतं. दोऱ्यांवर रंगीत पेनाने खुणा करून ठेवतात: मंद वाऱ्याला इथपर्यंत, सोसाट्याला तिथपर्यंत. शर्यतीची निम्मी लढाई अशी किनाऱ्यावरच, टेप आणि मार्कर घेऊन होते.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असं आपल्याकडे म्हणतात. शर्यतीच्या होडीवर हा सल्ला देऊ नका! वाऱ्याला सरळ पाठ दिलेली होडी वाऱ्याच्या ढकलण्यावरच चालते, आणि ढकलणाऱ्याच्या पुढे जाणार कशी? वारा बाजूने घेतला की शीड विमानाच्या पंखाचं काम करतं, आणि मग मजा सुरू होते. बदलापूर फास्टच्या दारात उभं राहिल्यावर बाहेर पान हलत नसलं तरी तोंडावर वारा येतो ना? होडीलाही तसाच स्वतःच्या वेगाचा वारा मिळतो. खरा वारा अधिक हा आपला वारा, अशा दोघांच्या बेरजेवर शीड चालतं. म्हणूनच वेगवान होड्या वाऱ्यालाच मागे टाकतात. २०१२ च्या नोव्हेंबरात नामिबियात पॉल लार्सनने ‘सेलरॉकेट २’ ही नौका ५०० मीटरच्या पट्ट्यात सरासरी ६५.४५ नॉटने पळवली. म्हणजे ताशी १२१ किलोमीटर, तेही वारा त्याच्या निम्म्याहूनही कमी असताना.

वाऱ्याच्या नाकासमोर मात्र कुणालाच जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, नागमोडी वर चढायचं.

आता इतक्या यांत्रिक खेळात सर्वात भरवशाचं उपकरण कोणतं? लोकरीचा धागा! शिडाच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना एकेक तुकडा चिकटवलेला असतो, त्याला टेलटेल म्हणतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर सगळं ठीक. वाऱ्याकडचा धागा नाचायला लागला, तर शिडाची दोरी सैल आहे किंवा होडी वाऱ्याच्या फार तोंडाशी गेली आहे. पलीकडचा धागा लोंबला, तर दोरी जास्त ओढली गेली. कितीतरी खलाशी तारांना जुन्या ऑडिओ कॅसेटची फीत बांधतात. ती लोकरीपेक्षा हलकी, झुळूक आली न आली तोच सांगते. घरात पडलेल्या कॅसेटींचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

नवशिक्यांची खोड एकच, दोरी ओढून ठेवायची. घट्ट म्हणजे वेगवान असं त्यांना वाटतं. होतं उलटंच, जास्त ओढलेलं शीड दिसायला झकास आणि चालायला मठ्ठ. जाणते उलट शिकवतात. दोरी सोडत जा, डोलकाठीजवळचं कापड थरथरायला लागलं की थांब आणि ती थरथर जेमतेम जाईल एवढीच परत ओढ. थोड्या वेळाने पुन्हा तेच, कारण वारा एक मिनिटही सारखा राहत नाही.

शीड सपाट कापडासारखं दिसलं तरी ते शिवलेलंच असतं पोटदार. पोट किती आणि कुठे, यावर सगळा खेळ. वारा मध्यम असला तर जरा खोल पोट हवं, ताकद मिळते. वारा वाढला की पोट सपाट करायचं. त्याला कारण साधं गणित: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा १४ झाला की जोर जवळजवळ दुप्पट. आणखी एक, पाण्यालगतचा वारा मंद आणि वरचा जोराचा असतो. म्हणून शिडाचा माथा बुडापेक्षा थोडा जास्त उघडा ठेवतात. वरपासून खालपर्यंत एका रेषेत ताणलेलं शीड फोटोत छान दिसतं, शर्यतीत नाही.

ही सगळी विद्या उघडी पडते ती इल्का होडीत. पूर्वी हिला लेझर म्हणत. जगभरात दोन लाखांहून जास्त बनल्या. एक माणूस, एक शीड, डोलकाठीला एकही तार नाही. ऑलिम्पिकमध्ये होड्या आयोजकच पुरवतात, सगळ्या एकसारख्या. त्यामुळे माझी होडीच खराब होती, हे सांगायची सोय नाही. शिडाची मुख्य दोरी सोडली तर हातात उरतात तीन दोऱ्या: आडव्या काठीला खाली खेचणारी व्हँग, शिडाचं बूड ताणणारी आउटहॉल आणि पुढची कडा खाली ओढून पोट पुढे आणणारी कनिंगहॅम. ही शेवटची युक्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ब्रिग्ज कनिंगहॅम अमेरिकन. त्यांनी १९५८ मध्ये अमेरिका कप जिंकला आणि ल मान्सच्या मोटारशर्यतीतही गाडी पळवली. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेला विष्णू सरवणन याच तीन दोऱ्यांच्या जोरावर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १८ वा आला.

नियमही मजेशीर आहेत. पहिला येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. सर्वात कमी गुणांचा माणूस जिंकतो. शीड पंख्यासारखं हलवून होडी पुढे ढकलायला बंदी. पंचाने शिट्टी वाजवून पिवळा झेंडा दाखवला की भर शर्यतीत स्वतःभोवती दोन गिरक्या घ्यायच्या, मग पुढे जायचं.

समुद्र लागतोच असं नाही, हेही सांगून टाकतो. हांगझोत रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर शिकली भोपाळच्या तलावावर. तलावावरचा वारा लहरी, म्हणून डोळा तयार होतो. त्याचा थोडा अभ्यास चिखलोलीच्या धरणावरही फुकटात होईल. संध्याकाळी काठावरून पाणी बघा. मधेच एखादा काळसर, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसेल. तो पट्टा म्हणजे झुळूक. तुमच्या अंगाला लागायच्या आधी ती पाण्यावर दिसते, आणि शर्यतीतला खलाशी तेवढ्या वेळात दोरी सोडायला तयार असतो.

आता थोडं खोल समुद्रात. एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा पहिल्यांदा केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत. ती गोल्डन ग्लोब नावाची शर्यत होती, तीत नऊ जण निघाले आणि पोचले हे एकटे. त्यांची ‘सुहैली’ बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानात. पुढे तिच्या नमुन्यावर गोव्यात ‘थुरिया’ बांधली गेली. ती घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, पण दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. गडी पुन्हा उभा राहिला. पुढच्या गोल्डन ग्लोबमध्ये, २०२३ साली, त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचं पातं तुटलं तेव्हा त्यांनी होडीतल्या टॉयलेटचं दार कापून नवं पातं केलं. जुगाड या कलेला जागतिक मान्यता मिळाली ती अशी!

सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना २०१७-१८ मध्ये जगाभोवती नेणारी ‘तारिणी’ही गोव्यातच, दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. ५५ फुटांच्या त्या नौकेची डोलकाठी आहे २५ मीटर उंच.

डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखाली नाणं ठेवायची चाल मात्र फार जुनी. लंडनच्या टेम्स नदीच्या गाळात १९६२ साली रोमन काळातलं एक जहाज सापडलं, त्याच्या डोलकाठीच्या खाचेत नाणं होतं. नाण्यावर भाग्यदेवी, आणि तिच्या हातात जहाजाचं सुकाणू. नाणं निवडणाऱ्याची दृष्टी वाखाणण्याजोगी, जहाज बुडालं तरी.

थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी गेटवेला गेलात तर फोटो काढून झाल्यावर पाण्याकडेही बघा. पांढरी शिडं रांगेने जाताना दिसली आणि सोबत कुणी पैज लावणारा असला, तर कुठल्या होडीवर लावायची ते सांगतो. जिचं शीड काठोकाठ ताणलेलं आहे तिच्यावर नको, जिचं फडफडतंय तिच्यावर तर मुळीच नको. जी पाण्यावर सपाट चालली आहे, जिच्या शिडाचा माथा जरासा उघडा आहे आणि जिचा खलाशी सारखा वर मान करून लोकरीच्या धाग्याकडे बघतोय, तिच्यावर खुशाल लावा.