थिबा राजाची नात : रत्नागिरीच्या टुटू पवार

पदच्युत केलेल्या राजाला त्याच्या मुलखापासून दूर नेऊन ठेवावे, निर्वाहापुरती ठरावीक रक्कम म्हणजेच तनखा त्याला लावून द्यावा आणि त्याच्या दारी पहारा बसवावा, ही एकोणिसाव्या शतकातील इंग्रजांची ठरून गेलेली राजनीती होती. दुसऱ्या बाजीरावाची रवानगी ब्रह्मावर्तास झाली, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले, तर बहादूरशहा जफर याला १८५८ मध्ये ब्रह्मदेशातील रंगूनला नेण्यात आले. त्याच ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा पुढे कोकणात आणला गेला आणि त्याच्या वंशाची एक शाखा मराठी मातीत कायमची मिसळून गेली.

नोव्हेंबर १८८५ मधील तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात मंडालेचा पाडाव झाला, कोनबाऊंग घराण्याची सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेली सत्ता संपली आणि थिबा, राणी सुपायालात व परिवार यांना प्रथम मद्रासला व एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. रत्नागिरी ब्रह्मदेशापासून दूर, पश्चिम किनाऱ्यावर होती, तेथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद पडत असल्यामुळे नजरकैदेसाठी ते गाव सोयीचे होते. आज थिबा राजवाडा म्हणून ओळखली जाणारी वास्तू १९१० च्या सुमारास उभी राहिली, म्हणजे राजाची हद्दपारीतील जवळजवळ पाव शतकाची वर्षे भाड्याच्या बंगल्यांतच गेली होती.

या बंदिस्त घरात राजाच्या चार मुली वाढल्या. राजकुळातील मुलीने राजकुळातच विवाह करावा अशी ब्रह्मी रीत होती. परंतु रत्नागिरीत तसा वर मिळणे शक्य नव्हते आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायचा तर सरकारची अनुमती लागत असे. थोरली राजकन्या फाया जी हिचे मन राजपरिवाराच्या सेवेतील गोपाळ सावंत यांच्यावर जडले. सावंत आधीच विवाहित होते, त्यामुळे हे नाते ना राजघराण्याला रुचणारे होते ना सरकारला. या नात्यातून १९०६ च्या सुमारास टुटू यांचा जन्म झाला.

थिबा डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच मरण पावला; त्याचे पार्थिव मायदेशी नेण्याची परवानगी मिळाली नाही. १९१९ मध्ये परिवाराला ब्रह्मदेशात परतण्याची मुभा मिळाली, तेव्हा फाया जी व टुटू याही रंगूनला गेल्या. मात्र काही काळाने राजकन्या मुलीसह रत्नागिरीस परत आली आणि १९४७ मध्ये तेथेच हलाखीत तिचा अंत झाला. टुटू यांचा विवाह शंकर पवार यांच्याशी झाला. गोवऱ्या थापून आणि कागदी फुले करून संसाराला हातभार लावणाऱ्या या बाईंची बोलीभाषा मराठी होती, रीतभात गावाची होती आणि २००० साली त्या वारल्या तेव्हा थिबाची नात या ओळखीखेरीज राजकुळाचे असे त्यांच्यापाशी काहीही उरलेले नव्हते.

टुटू यांच्या मावश्यांची आयुष्ये ताडून पाहिली म्हणजे या अवस्थेचे कारण उलगडते. दुसरी राजकन्या पतीसह कालिंपाँगला स्थायिक झाली. चौथ्या राजकन्येने जप्त मालमत्तेवर, त्यातही घराण्याच्या प्रसिद्ध माणकावर, उघड हक्क सांगितला, म्हणून सरकारने तिला रंगूनपासून दूर मोलमीनला हलविले. हक्क सांगणारा वंशज सरकारला धोक्याचा वाटे. ज्यांच्या आईबापांच्या नात्यालाच मान्यता नव्हती अशा टुटू यांचा हक्क मुळात कागदावर आलाच नाही, म्हणून त्यांच्यावर पहाराही बसला नाही आणि त्यांच्या पोटापाण्याची सोयही कोणी पाहिली नाही.

म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले, त्यामुळे या विस्मृत इतिहासाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. तथापि, हद्दपारीचा हिशेब राजाच्या मृत्यूपाशी मिटत नाही. राजसत्तेचा वारसा पुसून टाकण्याचा इंग्रजांचा हेतू रत्नागिरीत तिसऱ्या पिढीत पुरता सफल झाला आणि त्याची सर्वांत मोठी किंमत एका राजकन्येने व तिच्या लेकीने मोजली.