सागवानी रान पुन्हां कसें उभें करावें : विरळणी, रोपणी आणि जाळरेषा

विदर्भांतील शेतकऱ्यास रान परकें नाहीं. मालगुजारीच्या काळांत जळाऊ लाकूड, वखर-नांगराचें लाकूड व चराई हे गांवकऱ्यांचे निस्तार-हक्क वाजिब-उल-अर्जांत लिहून ठेवलेले असत. इ. स. १९५१ मध्यें मालगुजारी संपली व तीं रानें सरकारकडे आलीं. परंतु मालकी कोणाचीही असो, रान उजाड झालें म्हणजे हानि शेजारच्या शेतकऱ्याचीच होते. पावसाचें पाणी वेगानें उतरतें, धुरे फुटतात आणि तलाव गाळानें भरतात.

पहिलें काम विरळणीचें. तोडलेल्या सागाच्या खुंटास अनेक फुटवे येतात. ते सर्व राखले तर एकही नीट पोसत नाहीं. जमिनीलगत फुटलेला, सरळ व जोमदार असा एक, फार तर दोन, राखून बाकीचे काढावेत. मात्र ऐन, बिजा, मोह व तेंदू या सोबत्यांस सागाचे शत्रु समजून निपटूं नये. स्वतःच्या शेतांतील साग तोडण्यासही १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखालीं परवानगी लागते, हें विसरूं नये.

दुसरें काम रोपणीचें. सागाच्या बियांचें कवच कठीण असल्यामुळें तें आळीपाळीनें भिजवून व वाळवून मग वाफ्यांत पेरावें. सुमारें वर्षाचें रोप उपटून वरील खोड बोटभर व खालीं वीतभर मूळ ठेवून छाटावें आणि पहिल्या चांगल्या पावसाबरोबर पहारीनें केलेल्या भोकांत घट्ट बसवावें. सहा-सहा फुटांवर लावल्यास एकरीं सुमारें १,२०० रोपें बसतात. पुढें तीं दाटूं लागलीं कीं विरळणी करावी.

तिसरें काम अग्नीचें, आणि तेंच सर्वांत जपून करावयाचें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत लांब सुयांच्या चिडाचीं रानें पूर्वीं सुमारें ९ कोटि एकर होतीं, तीं घटून सुमारें ३० लक्ष एकरांवर आलीं. तेथें विरळणी व रोपणीबरोबर ठराविक वर्षांनीं बेतानें आग लावून तीं पुन्हां वाढविलीं जात आहेत, कारण त्या झाडाचें बालरोप आग सोसतें. हा नियम आपल्या रानास जसाचा तसा लावणें घातक होय. मोठा साग वणवा सोसतो. पण कोवळ्या रोपाचा शेंडा दरसाल जळतो, पालापाचोळा नाहींसा होतो आणि उघडी माती पहिल्याच पावसांत वाहून जाते. म्हणून आपल्याकडे आग रानांत लावावयाची नसून केवळ जाळरेषेवर लावावयाची असते. रानाच्या कडेनें पट्टा साफ करून वनखात्याची माणसें तो वणव्याचा हंगाम सुरूं होण्यापूर्वीं, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आंत, देखरेखीखालीं जाळून घेतात.

पुष्कळ वणवे मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला पेटविल्यानें व तेंदूस नवी पालवी यावी म्हणून लावलेल्या आगीनें लागतात. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवास २०१२ मध्यें सुमारें १,००० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. रानाची नासाडी होते म्हणून त्या ग्रामसभेनें तेंदूपानांची तोडणीच सोडली व बांबूवर भर दिला. हातचा पैसा सोडणें सोपें नव्हे; म्हणून हें उदाहरण विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

शेतकरी बंधूंनीं आपल्यापुरतें इतकें करावें. मोहाखालचा पाला झाडून बाजूस सारावा. रानालगतच्या शेतांतील पऱ्हाट्या व धुऱ्यावरचें गवत उन्हाळ्यांत पेटवूं नये. तें खतांत कुजवावें. रानाच्या बाजूस नांगरटीचा रुंद पट्टा मोकळा ठेवावा. सरकारी राखीव रानांत आग लावणें १९२७ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहेच. परंतु शिक्षेच्या भयापेक्षां आपल्या विहिरीचें पाणी हें अधिक बळकट कारण मानावें.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून, सक्करदरा, नागपूर