ट्रॉलीचा टायर एकाच बाजूने का खातो?



गळीत हंगाम सुरू झाला की आपण वजन, उतारा आणि तोडणीची पाळी यांवर बोलतो. ज्या चाकांवर आपला ऊस काट्यापर्यंत येतो, त्या चाकांकडे मात्र टायर फुटल्याशिवाय कोणी वाकून पाहत नाही. म्हणून या अंकात लागवडीऐवजी टायरविषयी चार शब्द लिहीत आहे.

आपल्या गटातील एका वाहतूकदार सभासदाने दिवाळीपूर्वी ट्रॉलीच्या मागच्या आसाला दोन नवे टायर घातले. संक्रांतीपर्यंत दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झाली. बाहेरून पाहावे तर नक्षी शाबूत! पुढे महिनाभराने रात्री कालव्याच्या वळणावर भरल्या ट्रॉलीचा टायर फुटला. ट्रॉली कलंडली नाही हे नशीब, कारण उसावर टोळीतली दोन पोरे झोपलेली होती. ऊस काट्यावर आला तो दुसऱ्या दिवशी सायंकाळी, वाळून. "साहेब, टायरच खराब निघाला," असे ते म्हणाले. दोष टायरचा नव्हता. आस मध्ये वाकला होता आणि एका पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला होता. ही ट्रॉली तिरकी चालते हे मी गाडीतळावर स्वतः पाहिले होते आणि काही बोललो नव्हतो. ती चूक माझी.

झीज काय सांगते?

झिजलेला टायर म्हणजे दुखण्याचा कागदच. तो असा वाचावा :

(१) मधली नक्षी गेली, कडा शाबूत : हवा जास्त.

(२) दोन्ही कडा गेल्या, मध्य शाबूत : हवा कमी किंवा भार जादा.

(३) फक्त आतली कड गेली : बहुधा आस वाकला आहे. जादा भाराने आस मध्ये खाली दबतो, टोके वर उचलतात आणि चाकांचे माथे आत झुकतात. मग सगळा भार आतल्या कडेवर येतो.

(४) नक्षीवर आडवा हात फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागते : चाक सरळ न चालता घासत चालले आहे.

(५) जागोजागी खळगे पडले : बेअरिंग ढिले किंवा चाक डगमगते.

थोडा हिशेब

पाभरीचा एक फण वाकडा असला की बैल एका अंगाला ओढतात, तसेच हे आहे. चाकाचा व्यास ९० सें.मी. धरू. त्याचा पुढचा काठ मागच्या काठापेक्षा अवघा साडेचार मि.मी. आत असला, तर दर २०० मीटरला चाक १ मीटर आडवे घासते. म्हणजे १ कि.मी.ला ५ मीटर. शेत ते कारखाना २० कि.मी. असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर! एवढे रबर रस्त्यावर जाते, आणि ते ओढायला डिझेलही लागते. टायरच्या बैलगाडीत हाच भार मुक्या जनावरांच्या मानेवर पडतो.

घरच्या घरी तपासणी

रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी करावी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा.

हवा : सकाळी, टायर थंड असताना मोजावी. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत ठेवावी. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती सोडू नये.

बेअरिंग : चाक उचलून वरून व खालून धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग पाहून घ्यावे.

आस : पुढच्या फिरत्या चक्राच्या मधल्या खिळीपासून (दोनचाकी ट्रॉली असेल तर हुकापासून) मागच्या आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप धरावा. दोन्ही मापे सारखी हवीत. फरक आढळला तर यू-बोल्ट व सेंटर बोल्ट पाहावेत. आस सरकलेला असतो.

चाकांची दिशा : मागच्या दोन्ही टायरवर मागील बाजूस, आसाच्या उंचीला, नक्षीच्या मध्यावर खडूने खूण करून अंतर मोजावे. मग दगड काढून ट्रॉली अर्धा फेर पुढे ढकलावी. त्याच खुणा पुढे आल्या की दगड लावून पुन्हा मोजावे. ट्रॉलीचा मागचा आस अखंड सरळ असतो, म्हणून दोन्ही मापे सारखीच यायला हवीत. फरक पडला की आस वाकला समजावे.

वाकलेला आस लाल करून घणाने सरळ करून घेऊ नये. पोलादाची ताकद जाते आणि पुढच्या खड्ड्यात तो दगा देतो. आस बदलावा. तसेच, दोष तसाच ठेवून नवा टायर घालणे म्हणजे फुटक्या पाटाला जादा पाणी सोडण्यासारखे आहे.

ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांनीही लक्षात ठेवावे. अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढची चाके नव्हेत. मागचे टायर एका कडेने खात असतील तर चारही चाकांचे माप घ्यायला सांगावे. काही मोटारींत मागची चाके जुळवता येतात, काहींत वाकलेला भागच बदलावा लागतो.

शेवटी एवढेच. ट्रॉली प्रमाणातच भरावी, भरल्या उसावर माणसे-पोरे बसवू नयेत, आणि आठवड्यातून एकदा टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. पाच मिनिटांचे काम आहे. हंगाम संपल्यावर नव्हे, पुढच्या खेपेपूर्वीच करावे.

— ऊस विकास अधिकारी